एक धागा वर, एक धागा खाली

मालेगाव बघायचं असेल, तर शुक्रवार सोडून कधीही जा. शुक्रवारी माग बंद. बाकीच्या दिवशी गल्लीत शिरलात की ऐकू येतं खटाखट, खटाखट, खटाखट! एका घरातून नव्हे, ओळीने सगळ्या गाळ्यांमधून. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. या गावात एक लाखाहून जास्त यंत्रमाग आहेत. इथली माणसं त्यांना नुसतं ‘लूम’ म्हणतात.

एवढे माग या गावात आले कुठून? त्याचं असं झालं. गिरणा आणि मोसम या नद्यांच्या संगमाजवळ नारो शंकर राजेबहाद्दर यांनी 1740 साली भुईकोट किल्ला बांधायला घेतला. काम चाललं पंचवीस वर्षं. एवढ्या काळात लांबलांबचे कारागीर आले आणि इथलेच होऊन गेले. पुढे 1857 च्या धामधुमीनंतर आणि दुष्काळाच्या दिवसांत उत्तरेकडचे, बनारसच्या बाजूचे मोमीन विणकर आले. त्यांनी हातमाग लावले. मालेगावच्या रंगीत सुती साड्या मग खेडोपाडी जाऊ लागल्या. वीज आली आणि 1930 नंतर एकेक माग विजेवर चालायला लागला. हातमाग हळूहळू मागे पडला.

पण याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावहून मनमाडमार्गे साठेक किलोमीटरवर येवला आहे. तिथे आजही पैठणी हातमागावर विणतात. एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्यावर, एका टोकाला विजेचे माग आणि दुसऱ्या टोकाला हाताचे! आणि गंमत म्हणजे दोघेही मुळात एकच काम करतात. कोणतं?

खिशातला रुमाल काढा बरं. सुती हवा. त्याच्या एका कोपऱ्यातला धागा टाचणीने हळूच उसवा. (आईला सांगून. नंतर आमच्या नावाने तक्रार नको.) धागा सुटून आला? आता बघा, काठाची दुमड सोडली तर रुमालात ना डिंक आहे, ना शिलाई. मग हे हजारो धागे सुटून का पडत नाहीत?

कारण प्रत्येक आडवा धागा उभ्या धाग्यांच्या एकदा वरून, एकदा खालून जातो. पुढचा आडवा धागा याच्या बरोबर उलट जातो. त्यामुळे जागोजागी धागे एकमेकांवर दाबले जातात आणि घासतात. घर्षण! विज्ञानाच्या पुस्तकात सायकलच्या ब्रेकपाशी भेटणारं तेच घर्षण तुमचा सदरा अंगावर टिकवून ठेवतं. उभ्या धाग्यांना म्हणतात ताणा, आडव्यांना बाणा. जगातलं मागावर विणलेलं कुठलंही कापड घ्या, त्यात हे दोघे असतातच.

धागा तरी कसा बनतो? कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. हो, एकच! सरकीच्या सालीवरची पेशी लांबत लांबत अडीच-तीन सेंटीमीटर होते. बोंड उकललं की ती वाळते, चपटी होते आणि आपोआप पीळ खाते. असे पीळदार तंतू ओढून आणखी पिळले की ते एकमेकांना धरून बसतात. जितकं ओढाल तितके जास्त आवळतात. तीनच सेंटीमीटरच्या तंतूंपासून मैलभर लांब सूत निघतं ते या पिळामुळे. सूत कातायचं हे काम माणसं, त्यातही बहुतेक वेळा बायका, हजारो वर्षं करत आली. पुढे ते हातातून इतकं सुटलं की गांधीजींना सुद्धा चरखा सहज सापडला नव्हता. त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक लिहिलं तेव्हा चरखा किंवा हातमाग पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय! पुढे त्यांना चरखा शोधून दिला तो गंगाबेन मजमुदार यांनी, बडोदे संस्थानातल्या विजापूरला.

आता मागाकडे वळू. एक आडवा धागा हजारो उभ्या धाग्यांतून ‘एक वर, एक खाली’ असा सुईने ओवायचा म्हटलं, तर एका रुमालात सुट्टी संपेल. माग हे काम युक्तीने करतो. उभे धागे त्याच्यावर ताणून बसवलेले असतात. त्यातला प्रत्येक धागा दोऱ्याच्या एकेका फाशातून ओवलेला असतो. पायाखालची पावडी दाबली की अर्धे फासे वर उचलले जातात आणि अर्धे खाली जातात. मध्ये एक लांबट फट उघडते. त्या फटीतून धोटा पलीकडे सरकवायचा. धोटा म्हणजे लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता, पोटात पोकळ असा तुकडा. त्याच्या पोटात असते सुताने भरलेली कांडी. धोटा जाताना मागे धागा सोडत जातो. मग फणीने तो धागा ठोकून आधीच्या धाग्याला चिकटवायचा आणि दुसरी पावडी दाबायची. आता वरचे खाली, खालचे वर. धोटा परत. ठोका. पुन्हा पावडी. संपलं! एवढंच विणकाम. बाकी सगळी करामत.

1733 मध्ये जॉन के नावाच्या इंग्रजाने दोरीला हिसका देऊन धोटा पळवायची युक्ती काढली, आणि 1785 मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं. मालेगावातले लूम त्यांचेच वंशज. पावडी, धोटा आणि फणी तिन्ही चालवायला विजेची मोटार.

वेग किती म्हणता? एक हिशेब करू. लूमचा धोटा मिनिटाला 120 फेऱ्या मारतो असं धरू, आणि कापड एक मीटर रुंद. म्हणजे मिनिटाला 120 मीटर सूत लागलं. तासाला 7,200 मीटर, म्हणजे सात किलोमीटरच्या वर! एक कामगार एकाच वेळी अनेक लूम सांभाळतो. पाच धरले, तर एका तासात त्याच्या हाताखालून जाणारा आडवा धागा 36 किलोमीटर भरतो. रस्त्याने अंथरला तर मालेगावहून निघून जवळजवळ मनमाड गाठेल.

आणि हे सगळं सूत धोट्यात येतं ते त्या बोटभर कांडीतून. कांडी संपली की लूम थांबला. म्हणजे कुणीतरी सतत कांड्या भरत बसलं पाहिजे. कोण भरतं? मालेगावात कारखान्याच्या कोपऱ्यात किंवा घरच्या ओसरीवर, चाकासमोर बसलेली एखादी आपा, खाला किंवा ताई. लूमचा फोटो सगळे काढतात. तिचा फार कमी जण काढतात.

चला, आता येवल्याला. पैठणी मूळ गोदाकाठच्या पैठणची. पेशवाईत तिला भारी मागणी होती. येवल्यात रघोजी नाईक यांनी विणकर आणून वसवले असं सांगतात, आणि तेव्हापासून ही कला इथे रुजली. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पैठणीचा धागा रेशमाचा, आणि रेशीम हे कापसापेक्षाही अजब प्रकरण आहे. रेशमाची अळी अंड्यातून निघते तेव्हा मुंगीएवढी. तुतीचा पाला खात सुटते ती चारेक आठवडे खातच राहते. तेवढ्यात तिचं वजन होतं सुमारे दहा हजार पट! जन्मताना तुम्ही तीन किलोचे होता असं धरा. तुम्ही या वेगाने वाढला असता तर महिन्याच्या आत तीस टन भरला असता. बाळंतविडा कुठल्या मापाचा शिवला असता, कल्पना करा.

मग अळी खाणं थांबवते आणि डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हलवत स्वतःभोवती धागा गुंडाळते. एका कोषात हा धागा सलग, न तुटता, हजार मीटरच्या आसपास निघतो. कापसाचा तंतू तीन सेंटीमीटर आणि हा एक किलोमीटर! हा धागा प्रथिनाचा असतो आणि त्यावर चिकट आवरण असतं. कोष गरम पाण्यात टाकला की ते मऊ होतं आणि धाग्याचं टोक सापडतं. आतला जीव मात्र यात मरतो. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, म्हणून सांगून टाकली.

रेशीम का चमकतं? त्याचा धागा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कडा गोल दिसत नाही, कोपरे गोलावलेला त्रिकोण दिसतो. सपाट बाजूंवरून प्रकाश झळकन परततो. सुताला हे जमत नाही.

रेशीम आलं की लगेच विणायला बसायचं? छे! त्याआधीची कामं मोजायला बसलात तर थकाल. लडी धुवायची, रंगवायची, रहाटावर चढवायची. धागा उलगडताना जाडबारीक वेगळा करायचा, तुटला तिथे जोडायचा, मग कांड्या भरायच्या. आणि त्यातलं सगळ्यात चिकाटीचं काम म्हणजे सांधणी.

सांधणीपाशी जरा थांबू या, कारण माझ्या मते पैठणीतला खरा चमत्कार पदरावरच्या मोराच्या आधी इथेच घडतो. जुनी साडी विणून झाली की ताण्याचे धागे मागावर संपत आलेले असतात. नवा ताणा चढवायचा म्हणजे प्रत्येक धागा पुन्हा फाशातून आणि फणीच्या फटीतून ओवायला हवा. ते टाळण्यासाठी जुन्या धाग्यांची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या एकेका टोकाला जोडतात. साडी 48 इंच रुंद आणि इंचाला 80 धागे धरले, तर जोडायचे 3,840 धागे! आणि गाठ मारून चालत नाही. गाठ फणीत अडकते, धागा तुटतो. म्हणून दोन टोकं शेजारी धरून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नुसता पीळ द्यायचा. पकड यावी म्हणून काही विणकर चिमटीला राख लावतात. पीळ नीट बसला की सांधा ओढला तरी सुटत नाही. कापसाच्या तंतूंची जी युक्ती होती, तीच इथे बोटांनी केली. मान खाली, डोळे धाग्यावर, चिमटीत पीळ, मग पुढचा. एक धागा चुकून शेजारच्याशी जोडला तर चूक साडीभर दिसेल. ही सांधणी बऱ्याच घरांत बायका करतात.

आता पदर. मालेगावच्या लूमचा धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुसाट जातो. पैठणीचा पदर विणताना असं होत नाही. समजा, जरीच्या जमिनीवर एक मोर विणायचाय. त्याच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो आणि मागे वळतो. शेजारी चोचीचा लाल धागा आपल्या हद्दीपुरता जातो, निळ्यात अडकतो आणि परततो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, तिला म्हणतात तिल्ली. एका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात. प्रत्येक ओळीला विणकर धागे मोजतो: निळ्याला एवढे उचल, लालला एवढे, आता जरी. पुढच्या ओळीत आकडे बदलले! नक्षी नाजूक असेल तर दिवसभरात पदर दोन-चार बोटंच पुढे सरकतो. साधी पैठणी महिनाभरात उतरते, भरजरी पदराच्या एखाद्या साडीला वर्षाहूनही जास्त लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? पैठणीचा पदर उलटून बघा, म्हणजे कळेल. मागच्या बाजूलाही तोच मोर, तितकाच सुबक! मागे लोंबणारे धागेच नाहीत, कारण प्रत्येक धागा कामापुरता गेला आणि परत आला. यंत्रावरच्या नकली पैठणीत नको असलेले धागे उलट बाजूने तरंगत जातात, मग ते कापावे लागतात. दुकानात आजी पदर उलटून का बघते, ते आता समजलं ना?

अस्सल पैठणीची दुसरी गंमत तिच्या रंगात आहे. साडी समोरून पाहिली तर हिरवी, जरा तिरकी धरली तर जांभळी. यात रसायनाची जादू काही नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की झालं. उभे धागे एका दिशेने प्रकाश परतवतात, आडवे दुसऱ्या. साडी हलली की कधी यांची पाळी, कधी त्यांची. याला म्हणतात धूपछाव.

‘हा धागा वर की खाली?’ हा प्रश्न मागावर सतत विचारला जातो आणि त्याला उत्तरं दोनच. ओळखीचं वाटतं का? संगणकालाही दोनच आकडे कळतात, शून्य आणि एक. हा योगायोग नाही बरं का. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास जोसेफ मारी ज़ॅकार्डने मागाला पुठ्ठ्याची पत्ती लावली. पत्तीला भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. भोकांच्या पत्त्यांची माळ म्हणजे साडीची नक्षी! चार्ल्स बॅबेजने हीच कल्पना आपल्या गणनयंत्रासाठी घेतली, आणि त्या यंत्राविषयी 1843 मध्ये टिपणं लिहिणाऱ्या एडा लव्हलेसने त्याची तुलना ज़ॅकार्डच्या मागाशी केली. तुमच्या मोबाइलच्या खापरपणजोबांचं घराणं विणकराचं आहे!

मग येवल्याच्या विणकराचं काम यंत्राला देऊन टाकू या का? काही जण देतातच, आणि ती साडी स्वस्त पडते. त्यात गैर काही नाही, ती साडी ‘हातमागाची’ म्हणून विकली नाही तर. मालेगावचे लूमही वाईट नाहीत. लाखो माणसांच्या अंगावरचं स्वस्त कापड त्यांच्यावर निघतं आणि हजारो घरांची चूल त्यांच्यावरच चालते. पण वळून परत येणाऱ्या धाग्याचं कसब हातातून हातात जातं. एक पिढी मागावर बसली नाही, की पुढच्या पिढीला शिकवायला कुणी उरत नाही. म्हणून तर 1985 साली केंद्र सरकारने कायदा करून काही कापडं फक्त हातमागासाठी राखून ठेवली. यादीत आधी 22 कापडं होती, आता 11 उरली आहेत.

आणि हे हात कुणाचे? 2019-20 मध्ये देशभरातल्या हातमाग कामगारांची गणना झाली. माणसं निघाली 35 लाखांच्या वर. त्यातल्या दर दहांत सातहून जास्त बायका! ईशान्य भारतात तर मागावर बहुतेक बायकाच बसतात. आपल्याकडे मात्र पूर्वापार रीत अशी की मागावर पुरुष बसायचा आणि उलगडणं, कांड्या, सांधणी घरातल्या बायकांकडे. मजुरी ठरायची साडीमागे आणि मिळायची विणणाऱ्याला. सांधणीचे पैसे त्यातच आले, असं धरून चालायचे. मला हा हिशेब कधीच पटलेला नाही. 3,840 धागे जोडणारीचा वाटा वेगळा लिहायला नको?

ही रीत बदलता येते, हे महेश्वरने दाखवलंय. अहिल्याबाई होळकरांनी नर्मदाकाठच्या या आपल्या राजधानीत विणकर आणून वसवले होते. दोनशे वर्षांनी माग ओस पडू लागले, तेव्हा होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 1979 च्या सुमारास तिथे ‘रेहवा सोसायटी’ सुरू केली. तिथे बायकांनाच विणकाम शिकवलं. त्या मागावर बसल्या, कमावू लागल्या आणि महेश्वरी साडी पुन्हा देशभर गेली. येवल्यातही आता मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या, पदरावर मोर काढणाऱ्या बायका भेटतात.

आता तुमच्यासाठी काम. जाड पुठ्ठ्याचा वहीएवढा तुकडा घ्या. वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या सेंटीमीटरवर खाचा पाडा आणि त्यांतून लाल दोरा उभा ताणून गुंडाळा. झाला ताणा. मोठ्या सुईत हिरवा दोरा घालून एक वर, एक खाली विणत जा आणि जुन्या कंगव्याने ठोका. चार बोटं विणून झालं की उन्हात तिरकं धरून बघा, दोन रंग दिसतात का. जमलं, तर मधोमध एक पिवळा चौकोन विणा. पिवळा धागा हिरव्यात अडकवून मागे वळवायचा, पलीकडे जाऊ द्यायचा नाही. मग उलट बाजू बघा.

7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन. 1905 साली याच दिवशी कोलकात्यात स्वदेशीची चळवळ जाहीर झाली, म्हणून 2015 पासून तो पाळतात. त्या सुमारास घरातली मोठी माणसं साडी घ्यायला निघाली तर बरोबर जा. लेबलावर हातमागाची खूण, म्हणजे हँडलूम मार्क आहे का ते बघा, पदर उलटून बघा. किमतीची घासाघीस मोठ्यांना करू द्या. तुम्ही विचारा, ‘काका, ही साडी विणली कुणी? हिची सांधणी कुणी केली?’ बहुतेक दुकानदार गोंधळतील. पण येवल्याला गेलात तर मागापाशीच विचारता येईल. सांधणी करणाऱ्या मावशीकडून एक धागा जोडायला शिका आणि तुमचा विणलेला पुठ्ठा आणि तुमचा अनुभव आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात छापू.